नॉइज टेक्स्चरमधला सांधा: लक्षणे, तपासण्या आणि दुरुस्ती

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात लग्नाच्या व्हिडिओंपासून गणेशोत्सवातल्या एलईडी पडद्यांपर्यंत आणि लघुपटांपासून छोट्या गेमपर्यंत दृश्यपरिणामांची कामे आता नियमित होतात. या कामांतल्या ज्या फायली दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात, त्यांत एक दोष इतर सर्व दोषांपेक्षा अधिक वेळा आढळतो. धुके, धूर, पाणी, हळदीची उधळण किंवा दगडाचा खरखरीतपणा दाखवण्यासाठी वापरलेले नॉइज टेक्स्चर (अनियमित करड्या छटांचे चित्र) एकाला एक लावून पसरले की ठरावीक अंतरावर रेघ उमटते आणि पाहणाऱ्याला धुक्याऐवजी चौकटी दिसू लागतात.

सांधा दिसताच बहुतेकजण क्लोन स्टॅम्प (चित्राचा एक भाग उचलून दुसरीकडे रंगवणारे साधन) घेऊन तो पुसायला बसतात, नाहीतर नवे टेक्स्चर शोधू लागतात. हे दोन्ही उपाय घाईचे आहेत. नॉइज तयार करणारे सॉफ्टवेअर, आकार बदलण्याची पायरी, फाइल साठवण्याचा प्रकार, ती वाचून अंतिम दृश्य काढणारे रेंडर इंजिन आणि शेवटी ती दाखवणारा पडदा, यांपैकी कोणत्याही टप्प्यावर सांधा निर्माण होऊ शकतो. तो नेमका कोणत्या टप्प्यावर आला हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये, कारण चुकीच्या टप्प्यावर केलेली दुरुस्ती पुढच्या एक्स्पोर्टमध्ये वाया जाते आणि तोच दोष पुन्हा समोर येतो.

लक्षणे आधी नीट पाहा

सर्व सांधे सारखे नसतात, आणि सांध्याचे रूप पाहूनच निम्मे निदान होते.

स्पष्ट, सरळ रेघ दिसत असेल आणि तिच्या दोन बाजूंचे करडेपण उघडपणे वेगळे असेल, तर कडांच्या किमतीच जुळत नाहीत. ढगांचे मोठे आकार रेघ ओलांडून व्यवस्थित पुढे जात असतील, पण बारीक कण मात्र तिथे कापल्यासारखे दिसत असतील, तर मूळ नॉइज बरोबर असून त्याच्या वरच्या सूक्ष्म थरांपैकी एखादा चुकला आहे. रेघ अजिबात नाही, पण कडेजवळ एक मऊ, फिकट, धूसर पट्टा दिसतो, अशी तक्रार असेल तर कोणीतरी दोन कडा एकमेकींत विरघळवून सांधा लपवला आहे.

करडेपण जुळते, तरी पृष्ठभागावर प्रकाश टाकला की घडी पडल्यासारखी दिसते, हे लक्षण डिस्प्लेसमेंट आणि बंप यांत, म्हणजे करड्या छटांवरून पृष्ठभागाला उंची किंवा उंचीचा आभास देताना, येते. तिथे किंमत जुळलेली असते, उतार जुळलेला नसतो. फक्त दुरून किंवा तिरक्या कोनातून दिसणारी, एका पिक्सेलएवढी बारीक रेघ ही टेक्स्चरपेक्षा ते वाचणाऱ्या शेडरची (पृष्ठभागाचा रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) असण्याची शक्यता अधिक असते. सांधा कुठेच नाही, तरी एकच ठळक डाग पुन्हा पुन्हा ओळखू येतो, ही वेगळी तक्रार आहे. तिचा विचार शेवटाकडे केला आहे. आणि चित्र स्थिर असताना ठीक, पण चालते चित्र दर काही सेकंदांनी हिसका देते, तर सांधा जागेत नसून काळात आहे.

पहिली तपासणी: रेघ चित्राबरोबर सरकते का?

या तपासणीला एक मिनिट लागते आणि पैसा लागत नाही. टेक्स्चर शंभरएक पिक्सेल बाजूला सरकवा आणि पुन्हा पाहा. रेघही तेवढीच सरकली तर दोष चित्रात आहे. रेघ जागच्या जागी राहिली तर दोष दाखवणाऱ्या साधनात आहे. एलईडी पडदा अनेक कॅबिनेट जोडून उभा केलेला असतो, आणि दोन कॅबिनेटांमध्ये किंचित फट किंवा तेजाचा फरक राहिला तर फिकट धुक्याच्या दृश्यात तो लगेच डोळ्यांत येतो. मंडपात ऐन वेळी अशी रेघ दिसल्यावर रात्रभर टेक्स्चर दुरुस्त करत बसलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या टेक्स्चरमध्ये काहीही चूक नव्हती.

याच वेळी झूम १०० टक्के करून पाहा. ३३.३ किंवा ६६.७ टक्के अशा झूमवर प्रोग्राम चित्र घाईने लहान करून दाखवतो आणि टाइलच्या (पसरलेल्या टेक्स्चरच्या एका प्रतीच्या) सीमेवर खोटी केसासारखी रेघ निर्माण होते. आफ्टर इफेक्ट्समध्ये एकाच चित्राचे थर हाताने शेजारी शेजारी मांडले असतील, तर प्रत्येक थराचे स्थान पूर्ण पिक्सेलवर आहे याची खात्री करा. स्थान अर्ध्या पिक्सेलवर पडले तर थराची कड अर्धपारदर्शक होते आणि दोन थरांमधून मागची पार्श्वभूमी डोकावते. थर मांडण्याऐवजी 'मोशन टाइल' इफेक्ट वापरला की हा प्रश्न मुळातच येत नाही.

दुसरी तपासणी: ऑफसेट

फोटोशॉपमध्ये 'फिल्टर' मेनूतल्या 'अदर' खाली 'ऑफसेट' आहे; त्यात आडवे आणि उभे अंतर चित्राच्या निम्म्याएवढे द्या आणि 'रॅप अराउंड' निवडा. गिंपमध्ये हीच सोय 'लेयर' मेनूतल्या 'ट्रान्सफॉर्म' खाली मिळते. क्रिता वापरत असाल तर कीबोर्डवरची 'डब्ल्यू' कळ दाबताच चित्र चहूबाजूंनी पसरलेले दिसते आणि त्यावर तसेच रंगवताही येते. हातांनी दुरुस्ती करायची असेल तर मी क्रिताच सुचवतो, कारण ते विनामूल्य आहे आणि ही सोय त्यात फार चांगली आहे.

ऑफसेटमुळे ज्या कडा बाहेर होत्या त्या चित्राच्या मध्यभागी अधिक चिन्हाच्या आकारात येतात. मध्यभागी काहीही दिसले नाही तर फाइल निर्दोष आहे आणि पुढचा शोध ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा. फुली दिसली तर फाइलच सदोष आहे. कामात वापरलेली अंतिम फाइल आणि जनरेटरमधून प्रथम बाहेर काढलेली मूळ फाइल, या दोन्हींवर ही तपासणी स्वतंत्रपणे करा. मूळ फाइल निर्दोष आणि अंतिम फाइल सदोष निघाली, तर मधली पायरी दोषी आहे, आणि माझ्या अनुभवात बहुसंख्य वेळा असेच निघते. फुली फिकट असेल तर लेव्हल्सने कॉन्ट्रास्ट तात्पुरता वाढवून पाहा. संपादनाच्या टेबलावर न दिसणारा फरक कलर ग्रेडिंगनंतर हमखास वर येतो.

तिसरी तपासणी: रिपीट की क्लॅम्प

फाइल निर्दोष ठरली असेल तर इंजिनातली एक निवड पाहा. युनिटी या गेम इंजिनात टेक्स्चरचा 'रॅप मोड' 'रिपीट' असायला हवा. ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्रामच्या 'इमेज टेक्स्चर' नोडमध्ये 'रिपीट', 'एक्स्टेंड', 'क्लिप' आणि 'मिरर' असे पर्याय असतात. कारण असे की रेंडर करताना एका बिंदूचा रंग शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन काढला जातो. 'रिपीट' असेल तर उजव्या कडेच्या पिक्सेलचा शेजारी म्हणून डाव्या कडेचा पिक्सेल घेतला जातो. 'क्लॅम्प' किंवा 'एक्स्टेंड' असेल तर कडेचाच पिक्सेल पुन्हा घेतला जातो आणि जुळलेल्या कडांमध्येही रेघ येते.

'मिरर'चा आधार घेऊ नये. त्याने किमती जुळतात, पण कडेवर उतार उलटा फिरतो, त्यामुळे प्रकाशात घडी दिसते, आणि ढगांत फुलपाखरांसारखे दुहेरी आकार तयार होतात. माणसाची नजर असे सममित आकार फार लवकर हेरते.

चौथी तपासणी: फाइल कशी साठवली, आकार कसा बदलला

जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे ठोकळे करून प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे आक्रसतो. डाव्या कडेचा ठोकळा आणि उजव्या कडेचा ठोकळा यांना एकमेकांची माहिती नसते, म्हणून मूळ किमती जुळत असल्या तरी आक्रसल्यावर त्या थोड्या वेगळ्या दिशांना सरकतात. सपाट, धूसर नॉइजमध्ये एवढा फरक पुरेसा असतो. टेक्स्चर पीएनजी, टिफ किंवा ईएक्सआरमध्ये साठवा. डिस्प्लेसमेंटसाठी १६ बिट घ्या, कारण ८ बिटमध्ये करड्या रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात आणि मोठ्या पृष्ठभागावर त्या पायऱ्या शेतातल्या बांधांसारख्या उमटतात. १६ बिटमध्ये त्या ६५,५३६ होतात. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले टेक्स्चर कधीही वापरू नका, ते वाटेत पुन्हा आक्रसलेले असते. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आकार बदलणे हे सांध्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. एखादे पिक्सेल लहान-मोठे करताना प्रोग्राम त्याच्या शेजारच्या पिक्सेलांचा विचार करतो, पण कडेशी पोहोचल्यावर पलीकडे काही नाही असे समजून स्वतःच्या पद्धतीने कड भरतो. ब्लर, शार्पन, नॉइज कमी करणे, हाइट मॅपवरून (उंची सांगणाऱ्या चित्रावरून) नॉर्मल मॅप (पृष्ठभाग कुठे कललेला आहे ते सांगणारे चित्र) काढणे, या सर्व क्रियांत हेच घडते. यावर खात्रीचा उपाय असा: टेक्स्चर तीन आडवी आणि तीन उभी अशा नऊ प्रतींत मांडा, त्या संपूर्ण चित्रावर क्रिया करा आणि नंतर मधली प्रत कापून घ्या. १,००० पिक्सेलांचे टेक्स्चर ५१२ करायचे असेल तर ३,००० पिक्सेलांचे चित्र १,५३६ वर आणा आणि बरोबर मधले ५१२ काढा. आकडा पूर्णांकात येईल याची काळजी घ्या, नाहीतर कापतानाच अर्धा पिक्सेल चुकतो. नॉर्मल मॅप बनवणाऱ्या अनेक साधनांत कडा गुंडाळण्याचा पर्याय असतो. तो असेल तर नऊ प्रतींची गरज नाही.

पाचवी तपासणी: जनरेटरची गणिते

मूळ फाइलच सदोष निघाली असेल तर आता नॉइज बनतो कसा हे पाहणे भाग आहे. इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण हे एकदा समजले की पुढचे बहुतेक सांधे निर्माणच होत नाहीत.

केन पर्लिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रतल समान चौकटींत विभागलेले असते. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक यादृच्छिक दिशा ठेवलेली असते आणि कोणत्याही बिंदूची किंमत त्याच्याभोवतीच्या चार कोपऱ्यांवरून मऊपणे काढली जाते. या कामासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. टेक्स्चर बिनसांध्याचे व्हायचे असेल तर शेवटच्या कोपऱ्याला पहिल्या कोपऱ्याचीच दिशा मिळाली पाहिजे. म्हणजेच कोपऱ्याच्या क्रमांकाला आवर्तनाने (किती चौकटींनंतर नॉइज पुन्हा सुरू होतो त्या आकड्याने) भागून उरलेली बाकी वापरली पाहिजे. हे करणारी फंक्शने तयार असतात: ओएसएल या शेडर लिहिण्याच्या भाषेत 'पी-नॉइज' आहे, आणि पायथनच्या 'नॉइज' लायब्ररीत दोन्ही दिशांचे आवर्तन देण्याची सोय आहे. गोडो या गेम इंजिनात 'नॉइज टेक्स्चर टूडी'ला 'सीमलेस' ही निवड आहे, तर गिंपच्या 'सॉलिड नॉइज'मध्ये 'टाइलेबल' आहे. अनेकदा दोष एवढाच असतो की ही खूण करायची राहून गेलेली असते.

आता मोठे आकार जुळतात आणि बारीक कण कापले जातात, या लक्षणाकडे वळू. ढगाचा नॉइज एका थराचा नसतो. त्यावर अधिकाधिक बारीक थर चढवलेले असतात आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किती पट बारीक असावा हे लॅक्युनॅरिटी नावाचा आकडा ठरवतो. समजा पहिल्या थरात टेक्स्चरच्या रुंदीत ४ चौकटी आहेत आणि लॅक्युनॅरिटी २.५ आहे. मग पुढचे थर १०, २५ आणि ६२.५ चौकटींचे होतात. पहिले तीन थर जुळतात. चौथ्या थरात अर्धी चौकट उरते आणि तो कडेवर तुटतो. लॅक्युनॅरिटी २ किंवा ३ अशी पूर्णांकात ठेवली आणि प्रत्येक थराला त्याचे स्वतःचे आवर्तन दिले की दोष नाहीसा होतो. पूर्णांकामुळे थरांचे कोपरे एकमेकांवर पडून नॉइज चौकटीदार दिसत असेल, तर प्रत्येक थराला वेगळे बीज (यादृच्छिकता जिथून सुरू होते तो आकडा) द्या आणि तो थोडा बाजूला सरकवा. सरकवल्याने आवर्तन बिघडत नाही. थर मनाला येईल त्या कोनात फिरवल्याने मात्र बिघडते, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या अनेक शेडरांत प्रत्येक थर फिरवलेला असतो.

एखादे साधन आवर्तन देऊच देत नसेल, उदाहरणार्थ ब्लेंडरचा 'नॉइज टेक्स्चर' नोड, तर चार मितींचा मार्ग आहे. कागदाची पट्टी गुंडाळून तिची दोन टोके बांगडीसारखी जुळवली की डावे-उजवे असा भेदच उरत नाही, तसे इथे आडव्या दिशेचे एक वर्तुळ आणि उभ्या दिशेचे दुसरे वर्तुळ करायचे. आडव्या निर्देशांकाचे कोसाइन आणि साइन ही पहिली दोन मूल्ये, उभ्या निर्देशांकाचे कोसाइन आणि साइन ही पुढची दोन. ब्लेंडरमध्ये नोड '४डी' करून पहिली तीन मूल्ये 'व्हेक्टर'मध्ये आणि चौथे 'डब्ल्यू'मध्ये द्यावे. वर्तुळाच्या त्रिज्येने नॉइजचा बारकावा ठरतो: रुंदीत साधारण ८ चौकटी हव्या असतील तर त्रिज्या ८ भागिले २π (दोन गुणिले पाय), म्हणजे सुमारे १.२७ ठेवावी. या रीतीने सांधा येऊच शकत नाही, आणि चित्र ताणलेही जात नाही.

स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक नेहमीची चूक सांगतो. ५१२ पिक्सेलांचे टेक्स्चर काढताना पिक्सेलचा क्रमांक ५१२ ने भागायचा असतो, ५११ ने नव्हे. ५११ ने भागले तर शेवटचा स्तंभ पहिल्याची हुबेहूब प्रत होतो, आणि पसरल्यावर तोच स्तंभ दोनदा येऊन बारीक रेघ दिसते. भूप्रदेशाच्या हाइट मॅपचे आकार ५१३ किंवा १,०२५ असे असतात, तिथे हा जादा स्तंभ मुद्दाम ठेवलेला असतो; ते नकाशे टाइल म्हणून वापरताना तो काढावा लागतो.

आणखी एक मार्ग मला विशेष आवडतो. पायथनच्या नमपाय लायब्ररीत पूर्ण यादृच्छिक ठिपके घ्या, त्यांचे फूरिये रूपांतर करा (म्हणजे चित्र लहान-मोठ्या लहरींत मोडा), उच्च वारंवारता हव्या त्या प्रमाणात कमी करा आणि उलट रूपांतर करा. फूरिये रूपांतर चित्राला मुळातच आवर्ती मानते, त्यामुळे बाहेर येणारा ढग आपोआप चारही बाजूंनी जुळतो. कासच्या पठारावर पावसाळ्यात उतरते तसे दाट, सावकाश बदलणारे धुके या पद्धतीने फार सुंदर मिळते.

टाइलपेक्षा खूपच लहान अंतरावर, जाळीसारख्या रेषा डिस्प्लेसमेंटमध्ये दिसत असतील, तर तो कडेचा सांधा नाही. जुन्या पर्लिन नॉइजमध्ये चौकटींच्या सीमेवर वक्रता अचानक बदलते. पर्लिन यांनी २००२ साली मऊ करणारे सूत्र बदलून हा दोष दूर केला. जुना कोड वापरत असाल तर नवे सूत्र घ्या.

सहावी तपासणी: काळातला सांधा

लग्नाच्या पडद्यांसाठी लूप करणाऱ्यांना हा भाग लागतो. आफ्टर इफेक्ट्सच्या 'फ्रॅक्टल नॉइज'मध्ये 'इव्होल्यूशन ऑप्शन्स'खाली 'सायकल इव्होल्यूशन' निवडा आणि इव्होल्यूशनच्या किल्ल्या (कीफ्रेम) पूर्ण फेऱ्यांवरच ठेवा. सेकंदाला २५ फ्रेमच्या ४ सेकंदांच्या लूपमध्ये १०० फ्रेम असतात. शून्याव्या फ्रेमवर ० फेरी आणि १०० व्या फ्रेमवर १ फेरी अशी किल्ली लावून ० ते ९९ एवढ्याच फ्रेम रेंडर करा. १०० वी फ्रेम शून्याव्याचीच प्रत असल्यामुळे ती घेतली तर चित्र क्षणभर थबकते. या इफेक्टचे काळातले आवर्तन जुळले तरी जागेतल्या कडा जुळत नाहीत, हे लक्षात ठेवा. दोन्ही हवे असतील तर तिसऱ्या मितीलाही आवर्तन देणारे जनरेटर वापरावे.

विरघळवलेल्या कडा आणि फोटोंवरून केलेली टेक्स्चर

फिकट पट्ट्याचे कारण संख्याशास्त्रात आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन नॉइज निम्मे-निम्मे मिसळले की त्यांचे चढउतार एकमेकांना खोडतात आणि कॉन्ट्रास्ट मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येतो. म्हणून मधोमध धूसरपणा दिसतो. त्यावर उपाय असा की मिसळलेल्या किमतीतून सरासरी वजा करावी, उरलेल्याला दोन प्रमाणांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावे आणि सरासरी पुन्हा मिळवावी. एवढ्याने पट्टा जातो. तयार 'मेक सीमलेस' फिल्टर हे सहसा करत नाहीत, म्हणून त्यांच्यावर अवलंबून राहण्यापेक्षा आवर्ती नॉइज नव्याने काढणे मी पसंत करतो.

फोटोचे मात्र तसे करता येत नाही. अजिंक्यताऱ्याच्या तटाचा किंवा वाईच्या घाटाचा काळा दगड टेक्स्चर म्हणून हवा असेल तर तो घ्यावाच लागतो, आणि तिथे खरा शत्रू उजेडाचा उतार असतो. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला किंचित सावली असेल तर कितीही क्लोन केले तरी दुरून पटावरच्या सोंगट्यांच्या घरांसारखे उजळ-गडद चौकोन दिसतात. छायाचित्र ढगाळ दिवशी किंवा पूर्ण सावलीत, भिंतीला काटकोनात, थोडे दूर उभे राहून लांब फोकल लेंग्थने घ्या. ओला दगड चमकतो, तो टाळा. मग आधी हाय-पास फिल्टरने मोठे उजेड-अंधार सपाट करा, त्यानंतर ऑफसेट द्या आणि सर्वांत शेवटी फुलीवर क्लोन करा. हा क्रम उलटला तर काम दुप्पट होते. दगडांची मांडणी असेल तर सरळ रेषेत न कापता दगडांमधल्या फटींच्या (दर्जांच्या) मागाने कापा, कारण तिथे नजरेला मुळातच खंड अपेक्षित असतो.

सांधा नाही, पण पुनरावृत्ती दिसते

आयर्विन पुलाखालून वाहणाऱ्या पुराच्या कृष्णेचे दृश्य करायचे आहे असे समजा. गढूळ पाण्याच्या एवढ्या विस्तारात एकच टेक्स्चर अनेक वेळा पसरले की त्यातला एखादा भोवरा प्रत्येक टाइलमध्ये ओळखू येतो. ऑफसेटच्या तपासणीत काहीच सापडत नाही, कारण कडा जुळलेल्याच असतात. प्रथम टेक्स्चरमधला सर्वांत ठळक डाग शोधून तो मंद करा. मग दोन टेक्स्चर वेगवेगळ्या आवर्तनांनी एकमेकांवर घाला: एकाचे आवर्तन ३ मीटर आणि दुसऱ्याचे ५ मीटर असेल तर दोन्ही मिळून १५ मीटरनंतरच पुन्हा तेच चित्र येते. दोन थर वेगवेगळ्या वेगाने सरकवले तर पाणी अधिक जिवंत वाटते. याहून पुढचे हवे असेल तर हाइट्झ आणि नेरे यांनी २०१८ साली मांडलेली, टेक्स्चरचे तुकडे यादृच्छिकपणे मिसळूनही कॉन्ट्रास्ट टिकवणारी पद्धत आहे.

तयार टेक्स्चर शोधताना

पॉली हेवन आणि अँबियंट सीजी या संकेतस्थळांवरची टेक्स्चर सीसी शून्य परवान्याखाली आहेत. ती व्यावसायिक कामातही निःशंकपणे वापरता येतात. शोधयंत्रातल्या चित्रांच्या पानावरून उचललेल्या फाइलला असा परवाना नसतो, आणि 'सीमलेस' हा शब्द नावात असला म्हणून ती जुळलेली असते असेही नाही. उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलला वरची ऑफसेट तपासणी लावा. ब्लू नॉइज (फक्त बारीक, समान विखुरलेल्या कणांचा नॉइज) टेक्स्चर घेतले असेल तर त्याचा आकार बदलू नका आणि ते जेपेगमध्ये साठवू नका. त्याची सारी उपयुक्तता शेजारच्या पिक्सेलांमधल्या नेमक्या फरकात असते आणि या दोन्ही क्रियांत ती नष्ट होते.

कुठे थांबावे

मूळ आणि अंतिम अशा दोन्ही फायली ऑफसेटमध्ये निर्दोष आहेत, 'रिपीट' निवडलेले आहे, आणि तरीही दुरून बारीक रेघ दिसते, तर शेडरमध्ये निर्देशांकाचा फक्त अपूर्णांक भाग घेऊन तो टेक्स्चर वाचण्यासाठी दिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे निर्देशांक एकदम १ वरून ० वर उडी घेतो, ग्राफिक्स कार्डाला वाटते की चित्र फार दूर आहे, आणि ते त्या एका ओळीपुरते सर्वांत लहान मिपमॅप (दुरून पाहण्यासाठी आधीच लहान करून ठेवलेली टेक्स्चरची प्रत) उचलते. मिपमॅप तात्पुरते बंद करून रेघ गेली तर निदान पक्के. दुरुस्ती अशी की अपूर्णांक वेगळा न करता निर्देशांक जसाच्या तसा द्यायचा. शेडर तुमचा असेल तर ती एका ओळीची गोष्ट आहे. पण तो दुसऱ्या कोणाचा असेल, किंवा टेक्स्चर मोठ्या अॅटलसमध्ये (अनेक टेक्स्चर एकत्र मांडलेल्या चित्रात) भरलेले असेल, तर इथे थांबा आणि शेडर लिहिणाऱ्या टेक्निकल आर्टिस्टला बोलवा. अंदाजाने बदल करत राहिल्यास इतर दृश्ये बिघडतात आणि मग मूळ दोष शोधणे कठीण होते.

पहिल्या तपासणीत रेघ पडद्यावर जागच्या जागी राहिली असेल तर थांबण्याची वेळ तीच आहे. एलईडी कॅबिनेट उघडणे, त्यांच्या विजेच्या जोडण्या हलवणे किंवा प्रोसेसरची कॅलिब्रेशन फाइल बदलणे हे दृश्यपरिणाम करणाऱ्याचे काम नाही. पावसाळी मंडपात तर त्यात जिवाला धोका असतो. पडदा लावणाऱ्या तंत्रज्ञालाच ते करू द्या.

तज्ज्ञाकडे जाताना चार गोष्टी बरोबर न्या: जनरेटरमधून निघालेली न बदललेली फाइल, जनरेटरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट, ऑफसेट दिलेली प्रत, आणि जिथे रेघ दिसते ती एक रेंडर केलेली फ्रेम पीएनजीमध्ये. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नसतो, कारण त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याने घातलेल्या रेषाही मिसळलेल्या असतात.